मकरंदाची चोरी आणि फुलांची तटबंदी : कुंपणावरच्या टेकोमापासून सुरू झालेला विचार

धागाकर्ता : रुईफूल

जुळे सोलापुरातील आमच्या घराच्या कुंपणाला लागून टेकोमाची तीन झाडे आहेत. पावसाळा सरता सरता ती पिवळ्या घंटांनी अशी लगडतात की पाने दिसत नाहीत, आणि सकाळचे ऊन कुंपणावर येताच काळे भुंगे त्यांच्याभोवती घुमू लागतात. भुंगा फुलात शिरतो, मकरंद पितो आणि पाठीला पराग लावून पुढच्या फुलाकडे जातो, असे मी कित्येक वर्षे धरून चाललो होतो. या वर्षी खुर्ची टाकून तासभर नीट पाहिले, तेव्हा लक्षात आले की तो घंटेच्या तोंडाशी जातच नाही. फुलाची नळी अरुंद होऊन हिरव्या निदलपुंजात, म्हणजे फुलाच्या बुडाशी असलेल्या हिरव्या वाटीत, शिरते, त्या जागी तो बाहेरून बसतो, तोंड टेकवतो, क्षणभर थांबतो आणि उडून जातो. फूल तोडून पाहिले, तर नळीच्या बुडाशी एक उभी, बारीक, कडा तपकिरी पडलेली चीर होती. शेजारच्या बहुतेक फुलांना तशीच चीर होती. थोड्या वेळाने फुलोरी माश्या, म्हणजे लहान मधमाश्या, आल्या आणि त्यांनीही समोरचे उघडे दार सोडून त्या चिरेतच सोंड घातली.

वनस्पतिशास्त्रात या प्रकाराची नोंद फार जुनी आहे. जर्मनीतील श्प्रेंगेल यांनी 1793 मध्ये फुले आणि कीटक यांच्या नात्यावर लिहिताना फूल बाहेरून फोडणाऱ्या कीटकांचा उल्लेख केला होता. डार्विन यांनी 1841 मध्ये बागकामाच्या एका इंग्रजी साप्ताहिकाला पत्र लिहून गुंजणाऱ्या मोठ्या माश्या फुलांना भोके कशी पाडतात ते कळवले होते. पुढे 1876 मधील ग्रंथात त्यांनी एक निरीक्षण नोंदवले, जे वाचून मला आपल्या रस्त्यांच्या मधल्या दुभाजकांवरची टेकोमाची रांगच आठवली. एकाच जातीची झाडे जिथे मोठ्या संख्येने जवळजवळ वाढतात, तिथे फुले फोडण्याचे प्रमाण जास्त असते, कारण भोकातून पिण्यात माशीचा वेळ वाचतो आणि हे कसब एकदा जमले की ते शेकडो फुलांवर वापरता येते.

शब्दांचा घोळ होऊ नये म्हणून एक भेद आधीच सांगून ठेवतो. अमेरिकेतील परिसंस्थाशास्त्रज्ञ डेव्हिड इनौये यांनी 1980 मध्ये या चोरांची वर्गवारी केली. फुलाची भिंत स्वतः फोडणारा तो पहिला दरोडेखोर, आमच्या कुंपणावरचा भुंगा हा त्यातला. दुसऱ्याने पाडलेल्या भोकातून पिणारा तो दुय्यम दरोडेखोर, म्हणजे फुलोरी माशी. आणि काहीही न फोडता समोरच्या दारानेच येऊन, पण पुंकेसर (पराग देणारा भाग) आणि कुक्षी (पराग घेणारे टोक) यांना न शिवता मकरंद नेणारा तो साधा चोर. मुंगी बहुधा या तिसऱ्या गटात मोडते. तिचा आकार लहान असतो, ती एका झाडावरून दुसऱ्यावर उडत जात नाही, आणि अंगावरील जंतू मारण्यासाठी तिच्या शरीरातून जे स्राव पाझरतात त्यांनी परागकणांची उगवणक्षमता कमी होते, असे 1984 मधील प्रयोगांत दिसून आले आहे.

मकरंद म्हणजे झाडाने खर्च केलेली साखर आणि पाणी. आपल्यासारख्या, पावसाची खात्री नसलेल्या जिल्ह्यात पाण्याचा हा खर्च किती मोलाचा आहे ते निराळे सांगायला नको. तो खर्च ज्या कामासाठी केला ते परागीभवनाचे काम न होताच साखर जात असेल, तर जी झाडे चोरीला थोडी जरी अडचण करतील त्यांना अधिक बिया धरतील आणि त्यांची ती अडचण पुढच्या पिढीत थोडी अधिक पसरेल. नैसर्गिक निवडीचा हा हिशेब सरळ आहे. गुंतागुंत अशी की फुलाला घर बंद करून चालत नाही. त्याला पाहुणा हवाच आहे. किल्ल्याला तट बांधायचा आणि महाद्वार मात्र सताड उघडे ठेवायचे, असा हा पेच आहे.

आपल्या सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याला दुहेरी तट आणि खंदक आहे. फुलांमध्ये हे दोन्ही सापडते. तट म्हणजे निदलपुंज. टेकोमाचा निदलपुंज आखूड आहे, म्हणून त्याच्या वरची मऊ नळी उघडी पडते आणि भुंग्याला तिथे चीर देता येते. याउलट डाळिंबाचे फूल पाहा. त्याचा निदलपुंज जाड, चामड्यासारखा आणि मकरंदाला सर्व बाजूंनी वेढणारा असतो. फळ धरल्यावरही डोक्यावरचा मुकुट म्हणून टिकून राहणारा भाग तोच. बाजूने आत शिरण्याची सोय तिथे नाही. कोरांटीच्या फुलांचे बूड कडक, एकमेकांवर चढलेल्या निदलांत आणि काट्यांसारख्या सहपत्रांत, म्हणजे फुलाखालच्या लहान पानांत, रुतलेले असते. तुंब्यासारख्या वनस्पतींत फुले एकाच झुबक्यात इतकी दाटलेली असतात की एकेका नळीच्या बुडाशी पोहोचणेच कठीण जाते.

खंदकाचे उदाहरण शहरात पुष्कळ ठिकाणी पाहता येईल. स्पॅथोडिया, ज्याला मुले पिचकारीचे झाड म्हणतात, त्याच्या कळ्या पाण्याने भरलेल्या असतात. दाबल्या की धार उडते म्हणून ते नाव. हे पाणी पावसाचे नव्हे. निदलपुंजाच्या आतील ग्रंथी ते स्वतः पाझरवतात आणि कोवळे फूल त्या पाण्यात बुडून वाढते. मध्य अमेरिकेतील अशाच एका पाणीदार कळीच्या वनस्पतीवर 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात निदलपुंजातील पाणी काढून टाकल्यावर फुले खाणाऱ्या पतंगाच्या अळ्यांचा उपद्रव वाढला होता. तिथला शत्रू अळी होता, मकरंदचोर नव्हता, हे मुद्दाम नमूद करतो, कारण पुढे चर्चेत हा भेद महत्त्वाचा ठरेल असे वाटते.

मला स्वतःला सर्वांत जास्त आवडलेली रचना कृष्णकमळाची आहे. त्या फुलात मकरंदाची कुपी तळाशी असून तिच्यावर पातळ, घड्या पडलेले झाकण असते. ते झाकण उचलायला जोर लागतो. लहान माशीला तो जमत नाही, काळ्या भुंग्याला सहज जमतो, आणि तो झाकणाशी झटत असताना वरून झुकलेले परागकोश त्याच्या पाठीवर बरोबर टेकतात. ज्या भुंग्याला मी टेकोमावर दरोडेखोर म्हटले, तोच इथे सन्मानाने बोलावलेला पाहुणा आहे.

सोलापूर परिसरातील आपली निरीक्षणे आणि शंका जरूर लिहाव्यात.

प्रतिसाद : कोरडवाहू (सांगोला)

फार चांगला विषय आपण घेतला आहे. माझी डाळिंबाची बाग आहे, आणि बांधावर तूर असते. डाळिंबाच्या फुलाचा जाड निदलपुंज मी रोज पाहतो, पण त्याला तट म्हणून कधी पाहिले नव्हते. माझा प्रश्न व्यवहाराचा आहे. आमच्याकडे काही जण भुंगे दिसले की फवारणीचा विचार करतात, कारण ते फुले फोडतात असा समज आहे. भुंगा फुलातला मध चोरतो हे खरे असेल, तर त्याला शत्रू मानावे का?

दुसरे एक निरीक्षण. जनावरांसाठी लसूणघासाचा एक तुकडा आम्ही ठेवतो आणि थोडा बियाण्यासाठी राखतो. त्याच्या जांभळ्या फुलांवर मधमाश्या भरपूर येतात, पण शेंगा त्या मानाने कमी धरतात. याचा चोरीशी संबंध आहे का?

प्रतिसाद : रुईफूल

आपल्या दोन्ही प्रश्नांबद्दल आभार. लसूणघासाचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचे उत्तर स्वच्छ आहे. लसूणघासाच्या फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर यांचा दांडा नौकेसारख्या पाकळीत ताणलेल्या स्प्रिंगसारखा दडलेला असतो. माशी समोरून बसली की तो झटक्याने सुटतो आणि तिच्या डोक्याखाली आपटतो. परागीभवन होते ते या झटक्यात. पण मधमाशीला तो मार नको असतो. थोड्याच दिवसांत ती पाकळ्यांच्या बाजूच्या फटीतून सोंड घालायला शिकते, मकरंद घेते आणि स्प्रिंग सुटतच नाही. इथे काहीही फुटत नाही, फूल जसेच्या तसे राहते, पण काम होत नाही. म्हणूनच अमेरिकेत या पिकाच्या बियाण्यासाठी पाने कापून घरटे करणाऱ्या एकट्या माश्या मुद्दाम पाळतात. त्या झटक्याला बिचकत नाहीत.

भुंग्याला शत्रू मानू नये, असे मी अगदी आग्रहाने सांगेन. तुरीची फुले लसूणघासाच्याच घडणीची, पण थोडी मोठी आणि कडक असतात. त्यांची नौका वजनदार माशीच्याच भाराने नीट दबते. तूर बरीचशी स्वपरागित असली, तरी कीटकांमुळे तिच्यात परपरागणही होते, आणि त्या कामात भुंगा, आग्या माशी आणि पाने कापणारी माशी यांचा वाटा मोठा आहे. टेकोमाच्या शोभेच्या फुलांना चीर पडली म्हणून भुंग्यावर औषध मारले, तर तुरीचा आणि रुईचाही पाहुणा जाईल.

प्रतिसाद : जुनी गिरणी

लेख काळजीपूर्वक वाचला. निरीक्षणांबद्दल शंका नाही, पण अनुमानांबद्दल आहे, आणि ती मोकळेपणाने मांडतो. जाड निदलपुंज दिसला की तो चोरांविरुद्धचा तट, चिकट केस दिसले की तो मुंग्यांविरुद्धचा सापळा, असे म्हणणे सोपे आहे. ऑस्ट्रियाचे केर्नर यांनी एकोणिसाव्या शतकात नको असलेल्या पाहुण्यांपासून फुले स्वतःला कशी वाचवतात यावर संपूर्ण ग्रंथ लिहिला, आणि त्यातील अनेक स्पष्टीकरणे वाचायला सुंदर असली तरी तपासलेली नव्हती.

आपल्या भागातील चित्रकाचे उदाहरण घ्या. चित्रकाच्या पांढऱ्या फुलाचा निदलपुंज चिकट ग्रंथिकेसांनी भरलेला असतो आणि त्यावर मुंग्या व बारीक चिलटे चिकटलेली कोणीही पाहू शकेल. यावरून तो मकरंदाचे रक्षण करतो असे म्हणावेसे वाटते. परंतु फूल गळल्यानंतरही तो निदलपुंज चिकटच राहतो, फळाला वेढून असतो, आणि जनावरांच्या केसांना व आपल्या धोतराला चिकटून बी दूर नेतो. मग तो चिकटपणा मुंग्यांसाठी उत्क्रांत झाला की बी पसरवण्यासाठी? की अळ्या आणि मावा यांना दूर ठेवण्यासाठी? आजचा उपयोग म्हणजे मूळचे कारण, असे धरता येत नाही. त्यामुळे ज्या ठिकाणी चोर हेच कारण असल्याचे प्रयोगाने किंवा तुलनेने दाखवता आले आहे, अशी उदाहरणे द्यावीत अशी विनंती आहे.

प्रतिसाद : निशिगंध

जुनी गिरणी यांचा आक्षेप योग्य आहे, आणि माझ्या मते त्याला सर्वांत चांगले उत्तर एका बेटाने दिले आहे. मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि हे उदाहरण दरवर्षी वर्गात सांगते.

हवाई बेटांवर मूळच्या मुंग्याच नाहीत. तिथे आज ज्या मुंग्या आहेत त्या सगळ्या माणसाबरोबर आल्या आहेत. म्हणजे तिथल्या मूळच्या वनस्पतींची फुले लक्षावधी वर्षे मुंग्यांशिवाय उत्क्रांत झाली. त्याच बेटांवर बाहेरून आणलेल्या वनस्पतीही वाढतात, आणि त्या अशा भूभागांतून आल्या आहेत जिथे मुंग्या कायमच्या आहेत. युंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये या दोन गटांची तुलना प्रसिद्ध केली. चोरट्या मुंग्या मूळच्या वनस्पतींच्या फुलांत मोठ्या प्रमाणात शिरत होत्या, तर बाहेरून आलेल्या वनस्पतींच्या फुलांना बहुतांशी टाळत होत्या, कारण त्या फुलांकडे मुंग्यांना परतवणारे वास किंवा शरीररचनेतील अडथळे होते. ज्या गटाच्या इतिहासात चोर आहे त्या गटाकडे कुलूप आहे, आणि ज्याच्या इतिहासात चोर नाही त्याचे दार उघडे आहे. एकेका फुलाकडे पाहून हे सिद्ध करता आले नसते.

फुलांचा सुवास आपण आमंत्रण म्हणून समजतो. मुंग्यांच्या बाबतीत तो पुष्कळदा नेमका उलटा संदेश असतो. आफ्रिकेतील एका बाभळीवर विल्मर आणि स्टोन यांनी 1997 मध्ये दाखवले की त्या झाडावर पहारा देणाऱ्या आक्रमक मुंग्या ताज्या फुलांच्या जवळ जात नाहीत, कारण ताज्या फुलातून त्यांना परतवणारे काहीतरी बाहेर पडते. फूल जुने झाले, परागीभवनाची वेळ गेली, की तो परिणाम ओसरतो आणि मुंग्या पुन्हा पहाऱ्याला येतात, म्हणजे कोवळ्या शेंगेचे रक्षण सुरू होते. झाडाला मुंगी हवी आहे, पण त्या काही तासांपुरती नको आहे. अशी वेळेची शिस्त पाहिली की मन थक्क होते.

भौतिक अडथळ्याचेही एक तपासलेले उदाहरण जोडते. जपानमधील संशोधकांनी 2021 मध्ये खाली लोंबणाऱ्या दोन फुलांच्या पाकळ्यांवर मेणाचे सूक्ष्म स्फटिक असतात आणि त्यांवरून मुंग्या घसरून पडतात हे दाखवले. आपल्याकडील सदाफुलीच्या नळीचे तोंड बारीक केसांनी अडवलेले असते, तेही विद्यार्थ्यांना भिंगातून आवर्जून दाखवण्यासारखे आहे.

प्रतिसाद : जुनी गिरणी

निशिगंध ताई, हवाईचे उदाहरण मान्य. तुलना अशीच हवी होती. आता मुंगी सोडून भुंग्यासारख्या मोठ्या दरोडेखोराबद्दलही काही आहे का? मुंगीला वासाने किंवा मेणाने थोपवता येते, पण पाकळी चिरण्याइतक्या कणखर तोंडाच्या कीटकाला केवळ भिंत जाड करून थोपवणे मला अवघड वाटते.

प्रतिसाद : रुईफूल

आहे, आणि ते भिंतीपेक्षा भांडारातच सापडते. भुंग्याच्या तोंडाच्या भागांत दोन कठीण, चपटी, टोकदार पाती असतात आणि ती जुळवून तो पाकळीला चीर देतो. या पात्यांपुढे जाड भिंतही फार काळ टिकत नाही. म्हणून काही वनस्पतींनी मकरंदच बेचव किंवा विषारी करण्याचा मार्ग धरला आहे.

यातील सर्वांत नेमका प्रयोग तंबाखूच्या एका रानटी जातीवर झाला. ही जात पश्चिम अमेरिकेच्या वाळवंटात वाढते आणि तिच्या मकरंदात निकोटिन असते. केसलर आणि बाल्डविन यांच्या गटाने 2008 मध्ये जनुके शांत करून काही झाडे अशी तयार केली की त्यांना निकोटिन बनवता येत नव्हते, काही अशी की त्यांना फुलाचा आकर्षक वास बनवता येत नव्हता, आणि काही दोन्ही नसलेली. ही झाडे मोकळ्या रानात लावल्यावर दिसले की निकोटिन असले म्हणजे फुले खाण्याचे आणि मकरंदाच्या दरोड्याचे प्रमाण कमी होते. परंतु बिया सर्वाधिक धरण्यासाठी वास आणि निकोटिन दोन्ही लागतात. एक बोलावतो, दुसरा फार वेळ बसू देत नाही. जुनी गिरणी यांनी मागितला होता तसा हा पुरावा आहे : एकच गुण काढून घेतला आणि चोरी वाढली.

टेकोमाच्याच कुळातील कॅटल्पा या अमेरिकी वृक्षावर स्टीव्हनसन यांनी 1980 च्या दशकाच्या आरंभी काम केले. त्याच्या मकरंदातील कडू द्रव्यांमुळे चोरून पिणाऱ्या मुंग्या आणि एक फुलपाखरू आजारल्यासारखे झाले. त्या झाडाचे खरे परागवाहक, म्हणजे मोठ्या माश्या, भुंगे आणि रात्री येणारे पतंग, यांना मात्र त्याचा त्रास झाला नाही. इथेही भुंगा चोरांच्या रांगेत नाही, हे आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

बचनागाच्या वंशातील युरोपीय फुलांवर 2017 मध्ये प्रसिद्ध झालेले काम याच दिशेचे आहे. त्या फुलांचा मकरंद टोपीसारख्या पाकळीत खोल असतो, आणि तो आखूड सोंडेची एक मोठी माशी भोक पाडून चोरते. मकरंदातील अल्कलॉइडांमुळे, म्हणजे कडू विषारी द्रव्यांमुळे, ही माशी परतते, तर लांब सोंडेची, सरळ दाराने येणारी तिची नातलग ते अधिक सहन करते.

याची किंमत मात्र मोजावी लागते. अमेरिकेच्या आग्नेय भागातील पिवळ्या जाईसारख्या एका वेलीत मकरंदात विष असते, आणि ॲडलर व अर्विन यांनी 2005 मध्ये दाखवले की ते वाढवल्यावर दरोडेखोर कमी झाले तसेच चांगले परागवाहकही कमी वेळ थांबू लागले. औषध दोघांनाही एकाच पेल्यातून जाते. म्हणून सगळ्याच फुलांचा मकरंद कडू झालेला नाही.

प्रतिसाद : मृगाचा पाऊस

मला पक्ष्यांची आवड आहे, म्हणून या बाजूने लिहितो. चोर केवळ कीटक नसतात. शिंजीर हा आपल्या बागांतला लहान चमकदार पक्षी जास्वंद आणि टेकोमा यांच्या फुलांना बुडाशी चोच टोचून मकरंद घेताना मी अनेकदा पाहिला आहे. त्याची चोच लांब असूनही त्याला ते सोपे पडते.

कडू मकरंदाचे एक उदाहरण दक्षिण आफ्रिकेतील कोरफडीचे आहे. तिच्या एका जातीचा मकरंद गडद तपकिरी आणि कडू असतो. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार मधमाश्या आणि शिंजीर यांना तो नको असतो. शिंजीर न आल्याने फुलाचे फारसे बिघडत नाही, कारण त्या पक्ष्याची चोच इतकी बारीक व लांब असते की फुलातला पराग तिला नीट लागत नाही. बुलबुलासारखे आखूड चोचीचे पक्षी तोच मकरंद आनंदाने पितात आणि त्यांच्या तोंडाला पराग माखतो. आपल्या अंगणातला बुलबुल असाच कडू फुलांचा पाहुणा ठरू शकतो, ही कल्पना मला फार मोहक वाटली.

माझा प्रश्न असा की, इतके उपाय जर उपलब्ध आहेत, तर टेकोमाकडे त्यातला एकही का नाही? वर्षानुवर्षे त्याची फुले चिरली जात आहेत.

प्रतिसाद : रुईफूल

हा प्रश्न मला पहिल्या दिवसापासून छळत होता, म्हणून त्याचे उत्तर जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, टेकोमा आपला नव्हे. तो अमेरिका खंडाच्या उष्ण भागातून शोभेचे झाड म्हणून आला. सोलापुरात त्याची रोपे रोपवाटिकेतून येतात, कुंपणाला आणि दुभाजकाला लावली जातात, छाटली जातात, आणि कोणते झाड पुढे टिकेल हे बियांच्या संख्येवर ठरत नाही, माळ्याच्या पसंतीवर ठरते. ज्या जागी निवड बियांमधून होतच नाही, त्या जागी भुंग्याविरुद्ध उत्क्रांती होण्याला वाव नाही. भुंग्यांची नातलगे त्याच्या मूळ प्रदेशातही आहेत आणि तिथेही ती हे फूल चिरतात. तरीही ते टिकून आहे. त्यामागचे कारण दुसऱ्या गोष्टीत आहे.

चोरीने नेहमी नुकसान होतेच असे नाही. टेकोमाचे फूल चिरले तरी त्याचे परागकोश व कुक्षी घंटेच्या छताशी शाबूत असतात. समोरून येणारी एखादी मधमाशी किंवा लहान माशी आपले काम करून जाऊ शकते. मकरंद संपलेला पाहून पाहुणा लवकर पुढच्या झाडाकडे गेला, तर परागाचा प्रवास उलट लांबचा होतो. मालूफ आणि इनौये यांनी 2000 मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा परिणाम कुठे घातक, कुठे शून्य, तर कुठे लाभदायक असल्याचे दिसले.

घातक केव्हा होतो? कोलोरॅडोच्या डोंगरांतील एका लाल नळीदार फुलावर अर्विन आणि ब्रॉडी यांनी काम केले. त्या फुलांचा पाहुणा गुंजन पक्षी (हमिंगबर्ड) आहे. हा पक्षी लुटलेली झाडे ओळखून टाळतो. 80 टक्क्यांहून अधिक फुले लुटली गेलेल्या झाडांचे पुनरुत्पादन सुमारे निम्म्याने घटले. म्हणजे पाहुणा एकच आणि चोखंदळ असेल, झाड स्वतःच्या परागाने बी धरत नसेल, आणि चोरी फार मोठ्या प्रमाणावर असेल, तेव्हा तटबंदीचा खर्च परवडतो. पाहुणे अनेक प्रकारचे असतील, तर तोच पैसा अधिक फुले काढण्यात घालणे झाडाला फायद्याचे. टेकोमा नेमके तेच करतो, असे माझे मत आहे. एका फुलाचे रक्षण करण्याऐवजी तो दुसऱ्या दिवशी नवा घोस उघडतो.

आणखी एक उपाय त्याच कुळात आढळतो. टेकोमाची नातलग असलेली एक अमेरिकी वेल, जिला लाल-नारिंगी तुताऱ्या येतात, तिच्या निदलपुंजावर आणि पानांवर फुलाबाहेरच मकरंदाच्या ग्रंथी असतात. तिथे मुंग्यांना खाऊ मिळतो, त्या आत न जाता बाहेर फिरत राहतात आणि बाहेरून येणाऱ्याला चावतात. चोराला पगार देऊन पहारेकरी नेमण्यासारखे आहे.

प्रतिसाद : कोरडवाहू (सांगोला)

मुंग्यांचा हा पहारा मी स्वतः पाहिला आहे. आमच्या बांधावरच्या चवळीच्या फुलांच्या देठाशी बारीक गोड थेंब असतात आणि त्यावर मुंगळे सतत बसलेले असतात. मी ते माव्याचे लक्षण समजून फवारणी करत होतो. आता आधी भिंगाने पाहीन.

प्रतिसाद : निशिगंध

दादा, चवळीला फुलांबाहेर मकरंदग्रंथी असतात हे खरे आहे. मावा असेल तर कोवळ्या शेंड्यावर तो डोळ्यांनी दिसेल, आणि नसेल तर मुंगळ्यांना राहू द्यावे.

याच्याशी जोडलेले एक उदाहरण. कृष्णकमळाची एक रानटी, लहान पांढुरक्या फुलांची बहीण आपल्याकडे कुंपणांवर पसरते. तिच्या कळीभोवती जाळीसारखी सहपत्रे असतात आणि त्या जाळीच्या प्रत्येक टोकाला चिकट थेंब असतो. बारीक किडे त्यात अडकून मरतात. ही जाळी फळालाही वेढून राहते, म्हणून जुनी गिरणी यांचा चित्रकाबद्दलचा प्रश्न इथेही लागू होतो, आणि माझ्या मते एकाच रचनेची दोन-तीन कामे असणे यात विसंगती नाही. सोंड, वारा, अळी, बी या सगळ्यांचे दाब एकाच निदलपुंजावर एकाच वेळी पडत असतात.

प्रतिसाद : जुनी गिरणी

हे मला पटते. माझा आग्रह इतकाच होता की कोणता दाब किती, हे रचना पाहून ठरवू नये. सोलापुरात बसून आपल्यालाही थोडे तपासता येईल. टेकोमाची फुले उमलण्याच्या दिवशी त्यांच्या देठाला दोन रंगांचे दोरे बांधावेत : चीर पडलेल्यांना एक, न पडलेल्यांना दुसरा. शेंगा लांबट असतात आणि लगेच ओळखू येतात. फूल गळून गेले तरी दोरा राहील, आणि कोणत्या रंगाखाली शेंग धरली ते मोजता येईल. अडचण एकच, की भुंगा जिथे मकरंद जास्त असेल त्या फुलांची निवड करत असेल, तर तुलना एकतर्फी होईल. म्हणून काही कळ्यांच्या बुडाशी कागदाची छोटी नळी गुंडाळून चीर पाडण्याची जागा झाकावी, पण तोंड उघडे ठेवावे.

प्रतिसाद : रुईफूल

कागदी नळीची कल्पना उत्तम आहे. आज पहाटे काही कळ्यांना नळ्या गुंडाळल्या आणि नंतर कंबर तलावाच्या बाजूला फिरायला गेलो. तिथे रुईची मोठी झुडपे आहेत. शनिवार असल्याने मारुतीच्या माळेसाठी पाने तोडून नेलेली दिसत होती, पण वरचे घोस शाबूत होते. भुंगे रुईच्या मेणचट फुलांवर बसत होते. त्या फुलातला मकरंद मधल्या मुकुटाभोवतीच्या कप्प्यांत असतो, आणि तिथे पाय रोवून पिताना भुंग्याच्या पायाला परागाची जोड-पिशवी चिमट्यासारखी अडकते. एका भुंग्याच्या मागच्या पायाला अशा दोन पिवळसर पिशव्या लोंबताना अगदी स्पष्ट दिसल्या.

घरी परतल्यावर कुंपणाशी उभा राहिलो. थोड्या वेळाने एक भुंगा टेकोमावर आला. त्याच्याही पायाला तशीच एक पिशवी लटकत होती. तो पहिल्यांदा नळी गुंडाळलेल्या फुलावर बसला, कागदावरून दोनदा घसरला, फुलाच्या तोंडाशी आला आणि आत शिरला. बाहेर आला तेव्हा त्याच्या पाठीवर पिवळी पूड होती. पुढच्या, कागद नसलेल्या फुलावर त्याने पुन्हा बाहेरूनच चीर दिली.